लोकलमध्ये सांगितलेला मूकपट

३० मार्च २०२५, रविवार. गुढीपाडवा. बदलापूर

सोसायटीच्या पाडव्याच्या चहापानात ठरून गेलं. २० एप्रिलच्या रविवारी रात्री गच्चीवर पडदा लावायचा आणि चार्ली चॅप्लिनचा ‘सिटी लाइट्स’ दाखवायचा. सुचवला मी. तळमजल्यावरचे आजोबा ‘श्वास’वर अडून होते आणि त्यांचं म्हणणं वजनदार होतं. नातवाची दृष्टी जाणार हे कळल्यावर त्याला डोळे भरून जग दाखवणाऱ्या आजोबांची ती गोष्ट, मराठी पडद्यावर तशी पुन्हा झालेली नाही. पण १६ एप्रिलला चॅप्लिनचा वाढदिवस, म्हणून हा महिना त्याचा. ‘श्वास’ जूनमध्ये.

सातवीतला एक मुलगा म्हणाला, “बोलत नाहीत, रंग नाहीत, मग दीड तास बघायचं काय?”

हाच प्रश्न चॅप्लिनला त्याच्या धंद्यातली माणसं विचारत होती. ऑक्टोबर १९२७ मध्ये ‘द जॅझ सिंगर’ आला, पडद्यावरची माणसं गाऊ-बोलू लागली आणि बघता बघता सगळ्या स्टुडिओंनी आवाजाची यंत्रं बसवली. चॅप्लिनने १९२८ च्या अखेरीस ‘सिटी लाइट्स’चं चित्रीकरण सुरू केलं ते १९३० च्या शरदात संपवलं. जवळजवळ दोन वर्षं. तेवढ्यात मूकपट ही वस्तूच जुनी झाली होती. त्याने संगीत स्वतः बांधलं, थोडे आवाजही घेतले, पण माणसांना बोलू दिलं नाही. पहिल्याच प्रसंगात पुतळ्याच्या अनावरणाला मोठी माणसं भाषणं करतात आणि त्यांच्या तोंडून नुसती पिपाणी वाजते. पडदा दूर होतो, तर पुतळ्याच्या मांडीवर आपला भटक्या, म्हणजे स्वतः चॅप्लिन, झोपलेला. आणि सुरुवातीच्या पाटीवर चित्रपटाची जात स्पष्ट लिहिलेली: मूकाभिनयातली विनोदी प्रेमकथा.

३० जानेवारी १९३१ ला लॉस एंजेलिसमध्ये पहिला खेळ झाला, पाहुण्यांत आइन्स्टाइन होते. त्यानंतर सहा आठवड्यांनी, १४ मार्चला, गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये आपला पहिला बोलपट ‘आलम आरा’ लागला. त्याचा नायक मास्टर विठ्ठल हा कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत घडलेला, मूकपटांच्या प्रेक्षकांचा लाडका. उर्दू संवाद त्याला जड जात, म्हणून त्याचं पात्र बराच वेळ गुंगीत ठेवलं, असं सांगतात. ज्याच्या देहबोलीवर लोक जीव टाकत होते त्यालाच बोलपटाने निजवून ठेवलं. हे वाचलं की मला त्या माणसाबद्दल फार वाटतं.

आपल्याकडे १९१३ ते १९३४ या काळात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले. पूर्ण-अपूर्ण मिळून तीसभर उरले असतील. मुलांना आपलाच एखादा दाखवावा म्हटलं, तरी आणणार कुठून?


२ एप्रिल, बुधवार

दुपारच्या शाळेला जाताना कर्जतहून येणारी गाडी पकडते. बदलापूर ते विठ्ठलवाडी, म्हणजे गोष्ट सांगायला फार वेळ नाही. शेजारच्या शिक्षिकेला गच्चीवरच्या खेळाबद्दल, त्यातल्या आंधळ्या फुलवालीबद्दल सांगत होते. दाराशी उभी असलेली ताई ऐकत होती. ती वांगणीची. क्लिपा, चाप, सेफ्टी पिनांची पानं, टिकल्या विकते. अजिबात दिसत नाही तिला, जन्मापासून. वांगणीत अशी खूप कुटुंबं आहेत. भाडं परवडतं, लोकलची लाइन आहे, आणि एकमेकांच्या आधाराने राहता येतं, म्हणून राज्यभरातून येऊन ती तिथे वसली. आपल्या डब्यात येणाऱ्या कितीतरी विक्रेत्यांचं घर बदलापूरच्या पुढच्याच स्टेशनावर आहे.

“आंधळी फुलवाली?” ताई म्हणाली. “मग पहिल्यापासनं सांगा ना मॅडम.”

सांगितलं. रस्त्यात गाड्यांची गर्दी. भटक्या पोलिसाला चुकवायला एका उभ्या मोटारीच्या या दारातून शिरतो, त्या दारातून फुटपाथवर उतरतो. दार लागतं. फुलवाली त्या आवाजाच्या दिशेने फूल पुढे करते. मोटारीतून उतरला म्हणजे शेठ. फूल खाली पडतं, तो उचलतो, ती तरी जमिनीवर चाचपतेच आहे, तेव्हा त्याला कळतं. खिशातलं शेवटचं नाणं तो तिला देतो. तेवढ्यात मोटारीचा खरा मालक येऊन बसतो, पुन्हा दार लागतं, मोटार निघून जाते. तिला वाटतं, सुटे न घेताच गेला. तो तिथेच उभा. आता हलला तर तिला कळेल, म्हणून चवड्यांवर मागे सरतो.

या एका प्रसंगापाशी चॅप्लिन कितीतरी दिवस अडून होता. भटक्या श्रीमंत आहे असं तिला वाटावं कसं? बोलपट असता तर एका वाक्याचं काम होतं. त्याला ते दिसेल असं करायचं होतं. फुलवाली झालेली व्हर्जिनिया चेरिल नीट फूल पुढे करत नाही म्हणून त्याने परत परत चित्रण केलं. गिनीज बुकात ३४२ वेळांची नोंद सांगतात. मध्ये तिला काढूनही टाकलं, दुसरीला घेऊन पाहिलं आणि पुन्हा तिलाच बोलावलं. अखेर मोटारीचं दार सुचलं. आवाजाच्या जोरावर उभी असलेली घटना त्याने मूकपटात निव्वळ चित्राने सांगितली.

ताईला हे सगळं सांगायला वेळ नव्हता, पण दारापाशी तिने मला थांबवलं.

“हे बरोबर लिहिलंय. आवाजावरून माणूस कळतो आणि आवाजावरूनच फसायला होतं. पण तिने नाणं चाचपून बघितलं का?”

नाणी-नोटा चाचपणं हा ताईचा रोजचा विषय. २०१६ नंतरच्या नोटांच्या कडांना उठावाच्या तिरक्या रेघा असतात, शंभराला चार, पाचशेला पाच. नोट कोरी असेपर्यंत त्या लागतात. मळली की बोटांना काही कळत नाही. रिझर्व्ह बँकेचं ‘मनी’ ॲप फोनसमोर नोट धरली की किती रुपयांची ते बोलून सांगतं, पण गर्दीत एका हातात माल, एका हातात नोट, मग फोन कुठल्या हातात धरायचा? म्हणून ती नवऱ्याच्या फोनशी जोडलेला क्यूआर गळ्यात घालते. पैसे आले की त्याच्या खिशातला फोन बोलतो. नवरा पुढच्या डब्यात असतो.


६ एप्रिल, रविवार. रामनवमी. उल्हासनगर

मैत्रिणीकडे, कॅम्प चारला. रविवार म्हणजे त्यांच्याकडे सिंधी कढी आणि भात. तिचे वडील ऐंशीच्या पुढचे. सिंधमधून आईच्या कडेवर आले. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ सैन्याची छावणी होती, फाळणीनंतर तिच्याच बरॅकींत निर्वासितांना ठेवलं. ८ ऑगस्ट १९४९ ला राजगोपालाचारींनी त्या छावणीला उल्हासनगर नाव दिलं, तरी गाव अजून पत्ता कॅम्पच्या आकड्यानेच सांगतं.

चॅप्लिनचं नाव निघाल्यावर काका एकदम ताजे झाले. त्यांचे नातेवाईक कच्छमधल्या आदिपूरला. गांधीधाम-आदिपूर हीही सिंधी निर्वासितांसाठी वसवलेली वस्ती. तिथे अशोक आसवानी या आयुर्वेदिक डॉक्टरांनी १९६६ मध्ये ‘द गोल्ड रश’ पाहिला आणि ते चॅप्लिनचेच होऊन गेले. १९७३ मध्ये त्यांनी ‘चार्ली सर्कल’ काढलं. दर १६ एप्रिलला तिथे मिरवणूक निघते. पोरं-टोरं, आजोबा, सगळ्यांना मिशीचा ठिपका, हातात काठी, डोक्यावर ती वाटोळी हॅट. काका एकदा जाऊन आलेत.

मी विचारलं, “काका, सिंधी माणसांना हा इतका जवळचा का?”

ते जरा थांबले. मग म्हणाले, “बेटा, बरॅकमध्ये आमच्या आणि शेजाऱ्याच्या घरात भिंत म्हणून गोणपाट होतं. पण बाबा बाहेर निघाले की कोट घालायचे. गोळ्या-बिस्किटं विकायला जाताना कोट. तो चार्ली बघ. झोपायला जागा नाही, पण बाई समोर आली की हॅट उचलतो. हातमोज्याची बोटं फाटलीत, तरी हातमोजा काढताना ऐटीत काढतो. हे आम्हाला कुणी समजावून सांगायला नको होतं.”

‘सिटी लाइट्स’वर मी बरंच वाचलं आहे. भटक्याच्या सभ्यपणाची ही बाजू मला कुणी इतकी सरळ दाखवली नव्हती. तो शेठ असल्याचं सोंग करतो, असं आपण म्हणतो. पण तो वागतो ते आधीपासूनच तसा आहे. फुलवालीचा गैरसमज फक्त त्याच्या खिशाबद्दल आहे, त्याच्याबद्दल नाही. तिने माणूस बरोबर ओळखला आहे.

येताना व्हीनस चौकातून रिक्षा केली. एकपडदा चित्रपटगृहांची नावं चौकांना चिकटून राहिली आहेत. श्रीराम चौक, व्हीनस चौक. नव्या मुलांना ही टॉकीजची नावं होती हे सांगावं लागतं.


९ एप्रिल, बुधवार

गाडी आज रिकामी. ताई माझ्यासमोर बसली, टोपली पायाशी. दुसरा भाग सांगितला.

नदीकाठी एक दारू प्यायलेला लक्षाधीश गळ्यात दगडाला बांधलेली दोरी अडकवून जीव द्यायला आलेला. भटक्या त्याला वाचवतो, त्यात स्वतःच पाण्यात पडतो. शेठ त्याला मिठी मारतो, घरी नेतो, मेजवानी देतो, मोटार देतो. सकाळी नशा उतरली की हा कोण, म्हणून हाकलतो. रात्री प्यायला की पुन्हा जिवाभावाचा मित्र.

ताई जोरात हसली. हसतच राहिली. पलीकडच्या दोघीतिघी वळून पाहू लागल्या. “असला शेठ मला ओळखीचा आहे,” एवढंच म्हणाली आणि कोण ते सांगितलं नाही.

या सिनेमाचा सांगाडा मला तिच्या हसण्यातून नीट उमगला. एक जण प्यायल्यावरच भटक्याला ओळखतो. दुसरीला दिसत नाही म्हणूनच ती त्याला ओळखते. शुद्धीवर असलेल्या, डोळस शहरात त्याला कुणीच ओळखत नाही. विनोद आणि प्रेम हे दोन वेगळे धागे नाहीत, एकाच प्रश्नाच्या दोन बाजू आहेत: या माणसाला माणूस म्हणून कोण बघतं? प्रेमाच्या विनोदी गोष्टी ढीगभर निघतात. गैरसमज होतो, मिटतो, लग्न होतं. इथला गैरसमज भाकरीशी, घरभाड्याशी, दिसण्या-न दिसण्याशी बांधलेला आहे. म्हणून तो जुना होत नाही. अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने २००८ मध्ये दहा उत्तम प्रेमविनोदी चित्रपट निवडले, त्यांत हा पहिला. याद्यांवर माझा फार जीव नाही, पण हे वाचून बरं वाटलं होतं.

अंबरनाथ सोडल्यावर ताईने विचारलं, “मॅडम, तुम्ही हे मला सांगताय तसं पूर्वी थेटरात कुणी सांगायचं का? ज्यांना वाचता यायचं नाही त्यांना?”

सांगायचे. मूकपटांच्या पाट्या तीन-चार भाषांत असत, आणि न वाचता येणाऱ्यांसाठी कुणीतरी त्या मोठ्याने वाचून दाखवी. पेटी-तबला पडद्यापाशी असे. गच्चीवर मीही तसंच करणार, असं तिथल्या तिथे ठरवून टाकलं. “तुम्ही या,” म्हटलं. “जेवायला पण.” तिने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.


१४ एप्रिल, सोमवार. आंबेडकर जयंती. अंबरनाथ

सकाळी शिवमंदिरात. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख असलेलं शिलाहारांचं हे देऊळ, शेजारी वालधुनी. गाभारा खाली, पायऱ्या उतरून जावं लागतं, त्या पायऱ्यांवर आज रांग होती. मी बाहेरच्या भिंतींपाशी रेंगाळले. बहुतेक चेहरे झिजून गेले आहेत. नाक, डोळे, ओठ गेले. तरी कोण नाचतंय, कोण लाजतंय, कोण वाट बघतंय हे कमरेच्या बाकावरून आणि उरलेल्या हातांवरून कळतं. चॅप्लिन जवळच्या दृश्यांचा इतका कमी वापर का करतो, ते इथे उभं राहून पटलं. तो पायापासून डोक्यापर्यंत पूर्ण दिसायला हवा असतो. तो चेहरा राखून ठेवतो, शेवटच्या मिनिटासाठी.

दुपारनंतर मिरवणुका. निळ्या झेंड्यांनी स्टेशन रोड भरला होता.


१६ एप्रिल, बुधवार

आज चॅप्लिनचा वाढदिवस. १८८९, लंडन. ताई दिसली नाही.

त्याची आई हॅना स्टेजवरची गायिका. आवाज गेला, काम गेलं, पुढे मनाचा आजार. बरी असायची तेव्हा ती खिडकीशी बसून रस्त्यावरच्या माणसांच्या नकला करायची, आणि त्यांच्या चालण्यावरून घरात आज काय घडलं असेल ते पोरांना सांगायची. मूकाभिनय मी तिच्याकडून शिकलो, असं त्याने म्हटलं आहे. ती ऑगस्ट १९२८ मध्ये गेली. त्याच वर्षअखेर ‘सिटी लाइट्स’चं चित्रीकरण सुरू झालं. दोन्हींचा संबंध जोडून मोकळं व्हावंसं वाटतं, पण ज्याचं दुःख त्याने उघड केलं नाही ते आपण नेमकं सांगू नये. या चित्रपटाची त्याची पहिली कल्पना वेगळी होती, एवढं मात्र पक्कं: एक विदूषक आंधळा होतो आणि लहानग्या मुलीला ते कळू नये म्हणून आपली ठेच, आपली धडपड सगळी गंमत असल्याचं भासवतो. ती कल्पना त्याला फारच भावुक वाटली. मग आंधळेपण फुलवालीकडे गेलं.

याच चित्रपटाच्या निमित्ताने तो १९३१ मध्ये जगभर फिरला. २२ सप्टेंबरला लंडनच्या कॅनिंग टाउनमध्ये डॉ. कतियाल यांच्या घरी गांधीजींना भेटला. गांधीजींनी त्याचा एकही चित्रपट पाहिलेला नव्हता. बोलणं झालं ते यंत्रांबद्दल. मुलांना हे सांगणार आहे, आणि तिथे थांबणार आहे.


१७ एप्रिल, गुरुवार

ताई भेटली. काल का आली नाही ते सांगितलं नाही, पण म्हणाली, “आज १७ तारीख ना? आमच्या स्टेशनात पोरगं पडलं होतं, तो दिवस.”

१७ एप्रिल २०२१. वांगणीच्या फलाटावरून एक अंध आई मुलाचा हात धरून चाललेली. मुलाचा तोल गेला, तो रुळांवर पडला. समोरून उद्यान एक्स्प्रेस. आई फलाटाच्या कडेशी चाचपत राहिली. पॉइंट्समन मयूर शेळके रुळांतून धावत आले, मुलाला वर लोटलं, स्वतः वर चढले आणि गाडी गेली. रेल्वेने पन्नास हजारांचं बक्षीस दिलं, त्यातले अर्धे त्यांनी त्या मुलाला दिले. हे सगळं जगाने पाहिलं ते स्टेशनच्या कॅमेऱ्यातून, आवाजाशिवाय. मी तेव्हा ती चित्रफीत पुन्हा पुन्हा पाहिली होती.

ताई म्हणाली, “तुम्ही सगळ्यांनी बघितलं. आम्हाला दुसऱ्यांनी सांगितलं. प्रत्येक जण वेगळं सांगायचा. कुणी त्या बाईचं काहीच सांगायचं नाही, नुसतं तो कसा धावला तेच. मला वाटायचं, ती काय करत होती ते सांगा ना कुणी.”

मी सांगितलं. ती गुडघ्यावर बसली होती, हात कडेवरून फिरवत होती, आवाजाचा माग काढत होती. ताईने मान हलवली.

मग शेवट सांगितला, कारण तिला तो आजच हवा होता. शेठने नशेत दिलेले हजार डॉलर भटक्या फुलवालीला नेऊन देतो, डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी. चोरीचा आळ येऊन तो तुरुंगात जातो. काही महिन्यांनी सुटतो तो पार फाटका, काठीही नाही. तिचं आता फुलांचं दुकान आहे. ती बघू शकते. दुकानापुढे कुणी देखणा श्रीमंत माणूस आला की तिला वाटतं, हाच का तो? बाहेर पोरं एका भिकाऱ्याची टर उडवताहेत, ती काचेआडून हसते. तो तिला बघतो आणि हलत नाही. तिला कीव येते. ती फूल देते, नाणं देऊ करते. तो निघायला लागतो. ती त्याचा हात धरून त्यात नाणं ठेवते. आणि तिची बोटं थांबतात.

“हात,” ताई म्हणाली. मी अजून सांगितलंच नव्हतं.

डोळ्यांसाठी बनवलेला हा सिनेमा सर्वांत मोठ्या क्षणी डोळ्यांवर विसंबत नाही. तिला दिसतं तोवर तो भिकारी आहे. हाताला लागतो तेव्हा तो तो होतो. त्याच्या चेहऱ्यावर आनंद आहे आणि सापडल्याची लाजही, बोटं तोंडाशी, फुलाचा देठ दातांपाशी. तिच्या चेहऱ्यावर काय आहे ते चॅप्लिन ठरवून देत नाही. लग्न नाही, मिठी नाही. चित्रपट तिथेच संपतो.


२० एप्रिल, रविवार

ताई आणि तिचा नवरा साडेसातला आले. वांगणीहून बदलापूर एकच स्टेशन, पण पुलाच्या पायऱ्या आणि रिक्षावाल्यांचा गलका, म्हणून आमचा वॉचमन स्टेशनवर गेला होता. पोरांनी त्यांना पुढच्या खुर्च्या दिल्या. मी मध्ये बसून हळू आवाजात सांगायला लागले. पाच मिनिटांत मागून ओरडा आला, “मोठ्याने सांगा, आम्हालाही ऐकायचंय!” तेव्हा आख्खी गच्चीच ऐकू लागली.

बॉक्सिंगच्या प्रसंगात माझी दमछाक झाली. पडद्यावर तिघे, भटक्या, प्रतिस्पर्धी आणि पंच, असे नाचत असतात की शब्द मागे पडतात. भटक्या पंचाच्या आड लपतो, पंच हलला की हाही हलतो, मध्येच घंटेची दोरी गळ्यात अडकते आणि त्याने मान हलवली की फेरी सुरू, फेरी बंद. ताईने माझ्या मनगटावर हात ठेवला. “आता राहू द्या. पोरं कशी हसतायत त्यावरून मला लागतंय.” नवरा मात्र विचारत होता, “पडला का? उठला का?” त्याला शेवटपर्यंत हिशेब लागत होता.

दृष्टिबाधितांना चित्रपटगृहात वर्णन ऐकायला मिळावं अशी मार्गदर्शक तत्त्वं केंद्राने मार्च २०२४ मध्ये काढली. आमच्या दोन-तीन तासांच्या वाटेवर कुठल्या गृहात ती सोय मिळेल, ते मला शोधायचं आहे.

शेवटी काचेआडून फुलवाली हसते, तिथे पोरंही हसली. दीड तास पोरं त्या फाटक्या माणसाला हसतच होती. मग ती फुलवाली हसायची थांबते. पोरांचं काय झालं ते मी पाहिलं नाही, मी सांगत होते. दिवे लागल्यावर वाद जुंपला. आठवीतली एक मुलगी म्हणाली, ती त्याला दुकानात नोकरी देईल. दुसरी म्हणाली, छे, आभार मानून पाठवील, तिला शेठ हवा होता. आजोबा म्हणाले, प्रश्न तिचा नाही, तो थांबेल का हा आहे.

ताई सगळ्यांचं ऐकून म्हणाली, “मला एक नाही आवडलं. ती बरी झाली मगच दुकानाची मालकीण झाली. आंधळी असताना तिच्याने भाडंसुद्धा भरवत नव्हतं. मी भरते. माझे दोन्ही पोरगे शाळेत जातात. ऑपरेशन झालं नसतं तर गोष्टच पुढे गेली नसती का?”

मला उत्तर सुचलं नाही, आणि ते असायला हवं असंही वाटलं नाही. आक्षेप खरा आहे. १९३१ च्या कथेत अंध मुलगी गोड, असहाय आणि सुटका होण्याजोगी असावी लागते. चॅप्लिन त्या साच्याबाहेर पडत नाही. माझं प्रेम त्यामुळे उणावत नाही, पण पुढच्या वेळी मुलांसमोर हा सिनेमा ठेवताना ताईचं हे वाक्य मी आधी सांगणार. ती स्वतः मात्र म्हणाली, “हाताचं ते एक नंबर आहे,” आणि नवऱ्याला म्हणाली, “ऐकलंस ना, हाताने ओळखलं.” नवरा म्हणाला, “मग, कशाने ओळखणार?”

पुरी-भाजी उरली नाही.


२१ एप्रिल, सोमवार

मे महिन्यात ‘पुष्पक’. गच्चीने एकमताने ठरवलं. सिंगीतम श्रीनिवास राव, १९८७, कमल हासन आणि अमला, आणि सबंध चित्रपटात संवाद नाही. ‘सिटी लाइट्स’नंतर तो पाहिला की सारखेपणा डोळ्यांत भरतो. इथेही बेकार तरुण, इथेही दारूच्या नशेत पडलेला श्रीमंत (समीर खक्कर), इथेही श्रीमंतीच्या गैरसमजावर उभं प्रेम, इथेही शेवटी फूल. गुलाबाला गुंडाळलेला पत्त्याचा कागद वाऱ्याने गटारात जातो. तिथे हाताला तो पत्ता लागत नाही, तरुण पुन्हा नोकरीच्या रांगेत. चॅप्लिनने उघडं ठेवलेलं दार श्रीनिवास राव लावून घेतात, आणि तरी पाहणारा हसतच बाहेर पडतो. हे कसं जमवलं ते मला मुलांबरोबर बसून शोधायचं आहे.

सांगायची तयारी आतापासून करते. अडचण मारेकऱ्याची. टिन्नू आनंद बर्फाचा सुरा घेऊन येतो, आणि तो वितळतो ही गंमत आहे. वितळणं सांगायला पाण्याचा थेंब आधी सांगावा की सुरा आधी? ताईला विचारलं. ती म्हणाली, थेंब आधी. नवरा म्हणाला, सुरा. वहीत दोन्ही लिहून ठेवले आहेत.